लेकीचा विक्रम, सरांची हाफ मॅरेथॉन आणि पाच महिने न आलेली पाळी

नालासोपाऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी सतरा वर्षांची, बारावी कॉमर्सला. यंदा शालेय स्पर्धेत ३००० मीटर १० मिनिटं ३८ सेकंदांत धावली आणि तिथला बरीच वर्षं टिकलेला विक्रम मोडला. तेव्हापासून घरात एकच विषय. तिचे प्रशिक्षक सर म्हणतात, ट्रॅकवर पैसा नाही, आता हिला १० किलोमीटर आणि हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) उतरवू. केनियाचा मॅरेथॉनपटू केल्विन किप्टमही थेट रस्त्यावरच धावला. डिसेंबरातल्या एका हाफ मॅरेथॉनची फी भरून झाली आहे आणि वय बसावं म्हणून सरांनी फॉर्मवर जन्मसाल एक वर्ष आधीचं टाकलं आहे, 'सगळेच टाकतात'. वडिलांचं म्हणणं, पळणाऱ्या मुलीची कारकीर्द पाच-सहा वर्षांची, मिळेल ते आत्ताच पदरात पाडून घ्यावं, बारावी पुढच्या वर्षीही देता येते. सरांच्या सांगण्यावरून मुलीने सहा महिन्यांत वजन ४६ वरून ४२ किलोवर आणलं. पाच महिने पाळी आलेली नाही. बॅचमधल्या मोठ्या मुली म्हणतात, चांगल्या ट्रेनिंगमध्ये असं होतंच. नडगी दुखते, पण अंग गरम झालं की थांबते. आईने विचारलं आहे: हिला रस्त्यावर उतरवावं का, आणि बारावी सोडू द्यावी का?

ताई,

आधी लेकीचं कौतुक. १०:३८ म्हणजे साडेसात फेऱ्या, प्रत्येक फेरी ८५ सेकंदांची. सतराव्या वर्षी हे येरागबाळ्याचं काम नाही.

तुमच्या दोन प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी पत्रात तुम्ही जे ओघात सांगून पुढे गेलात तिथे थांबायला हवं. पाळी बंद, वजन उतरलेलं आणि नडगीचं दुखणं. या तीन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या आहेत. माझ्या मते त्या एकाच गोष्टीच्या तीन खुणा आहेत, आणि त्या गोष्टीचा निकाल लागेपर्यंत रस्ता की ट्रॅक हा वाद घालण्यात अर्थ नाही.

महिनाअखेरीला पैसे कमी पडले की आपण घरातले कुठले खर्च थांबवतो? ज्यावाचून आजचा दिवस निभतो ते. शरीरही तसंच करतं. खाल्लेल्यातलं धावण्यात गेलं आणि उरलेलं पुरेना, की हृदय, मेंदू, फुप्फुसं चालू राहतात आणि पाळीचं काम बंद पडतं. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरलेलं असतं, आणि इस्ट्रोजेन उतरलं की हाडं भरत नाहीत. मुलींच्या हाडांचा आयुष्यभराचा साठा जवळपास नव्वद टक्के अठरा-वीस वर्षांपर्यंतच जमा होतो. म्हणजे तुमची लेक नेमकी भरणीच्या वर्षांत आहे आणि भरणी थांबली आहे. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये नाव दिलं, रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, म्हणजे खेळाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणं. खेळाडू त्याला 'रेड-एस' म्हणतात. मुलांनाही ते होतं, फक्त पाळीसारखी उघड खूण नसल्यामुळे उशिरा कळतं.

'असं होतंच' हे त्या मोठ्या मुलींचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये हे सर्रास दिसतं. पण सर्रास दिसतं म्हणून ते चांगल्या ट्रेनिंगचं लक्षण ठरत नाही. त्या मुलींना एकदा सहज विचारा, गेल्या दोन वर्षांत कुणाकुणाचा पाय किती महिने बंद होता.

आता आकडे मांडून बघू. ४२ किलोच्या मुलीच्या अंगात चरबी सोडून साधारण ३६ किलो वजन असतं. धावणं वजा जाता शरीराच्या बाकीच्या कामांना या प्रत्येक किलोमागे ४५ कॅलरीच्या आसपास मिळाल्या तर सगळं सुरळीत चालतं. सतत ३० च्या खाली राहिलं की बिघाडाची शक्यता बरीच वाढते. तुम्ही लिहिता, ती आठवड्यातून सहा दिवस मिळून ८५ किलोमीटर धावते, म्हणजे दिवसाला १४. धावण्याला किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला ढोबळ एक कॅलरी लागते, म्हणजे जवळपास ५९० झाल्या. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, परतल्यावर केळं, डब्यात दोन पोळ्या-भाजी, संध्याकाळी मूठभर चणे, रात्री एक पोळी आणि वाटीभर वरण-भात, असं तुम्ही खाणं लिहिलंय. सढळ हाताने धरलं तरी ते १३५० कॅलरीच्या वर जात नाही. १३५० मधून ५९० गेले, उरले ७६०. भागिले ३६, म्हणजे २१. त्यात वाढतं वय, कॉलेज आणि पहाटेचा लोकलचा प्रवास आणखी वेगळा. आकडा दोन-चारने इकडे-तिकडे होईल, ३० च्या वर मात्र जाणार नाही. धावण्याच्या दिवशी तिला किमान २२०० हवेत.

ही तफावत भरून काढायला बाजारातली पावडर लागत नाही. धावायला जाण्याआधी केळं किंवा गूळ-पोळीचा तुकडा; उपाशी पोटी धावणं बंद. धावून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत काहीतरी पोटात गेलं पाहिजे, आणि ती ट्रॅकवरून लोकलने परतते म्हणजे ते तिच्या बॅगेतच हवं: शेंगदाण्याचे दोन लाडू आणि एक उकडलेलं अंडं, मिळून साडेतीनशे-चारशे कॅलरी. घरी आल्यावर दूध किंवा नाचणीची खीर. डब्यात दोनच्या चार पोळ्या. वरणावर तूप. तुमच्याकडे मासे होतात म्हणता, तर सुकट आणि मांदेली आठवड्यात दोन-तीनदा होऊ द्या. काट्यासकट खाल्लेल्या छोट्या माशांतून कॅल्शियम मिळतं. पहिले आठ-दहा दिवस तिला पोट जड वाटेल, चिडचिड होईल, 'मी जाड होतेय' असंही म्हणेल. हळूहळू वाढवा, पण मागे घेऊ नका. आणि घरातला वजनकाटा काही दिवस कपाटावर जाऊ द्या.

कमी वजन म्हणजे जास्त वेग, हा समज कुठून येतो तेही कळतं. पहिले काही आठवडे वजन उतरताना वेळ खरंच सुधारते. सगळ्यांना वाटतं, युक्ती लागू पडली. पुढे काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेची मेरी केन. २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत ती सतराव्या वर्षी १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. मग एका नामांकित व्यावसायिक गटात गेली, तिथे वजन कमी करण्याचा लकडा लागला. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. ज्या वयात तिचे विक्रम व्हायचे, ती वर्षं दुखापतींत गेली.

म्हणून या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खासगी परवडत नसेल तर कूपर, नायर, सायन, केईएम, कुठलीही पालिकेची ओपीडी चालेल. जाताना एका कागदावर शेवटच्या पाळीची तारीख, सहा महिन्यांतलं वजन, आठवड्याचे किलोमीटर आणि दुखण्याची जागा लिहून न्या. धावण्याचा आकडा सांगितला नाही तर 'या वयात होतं मागेपुढे' म्हणून परत पाठवण्याची शक्यता असते. पाळी चुकल्यावर गर्भधारणेची तपासणी पहिली करतात; तो नेहमीचा क्रम आहे, मुलीवरचा संशय नव्हे. तिला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती तिथे कानकोंडी होणार नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, बाकीची संप्रेरकं, लागली तर सोनोग्राफी, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही दोन गोष्टी आठवणीने विचारा, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि तो फेरिटिनमध्येच दिसतो; धावणाऱ्या मुलीचं फेरिटिन ३० च्या खाली असेल तर त्याकडे बघायला हवं. लोहाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आणि ती चहाबरोबर कधीच नाही. लिंबूपाणी किंवा पेरूबरोबर घेतली तर अंगी लागते.

एक सावधगिरी. पाळी आणण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या तर डॉक्टरांना एवढं विचारा, 'मूळ कारण खाण्याचं असेल तर या गोळ्यांनी ते बरं होईल का?' गोळ्या थांबल्यावर रक्तस्राव होतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि आतली तूट तशीच राहून जाते.

नडगीचं आजच तपासा. तिला बसवून नडगीच्या आतल्या कडेवरून एका बोटाने वरून खाली दाबत या. वीतभर पट्टा हुळहुळत असेल तर बहुधा स्नायू-आवरणाची कुरकुर आहे. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावर ठणकत असेल किंवा त्या पायावर एकदा उडी मारताना चेहरा वाकडा होत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, धरून चाला आणि त्याच दिवशी धावणं बंद करा. गरम झाल्यावर दुखणं जातं यात दिलासा शोधू नका. हाडाची सुरुवातीची दुखापतही अशीच फसवते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून तो 'नॉर्मल' आला तरी जागा दुखत असल्यास एमआरआयबद्दल विचारा. वेळेत कळलं तर नडगी सहा ते आठ आठवड्यांत सावरते. तसंच धावत राहिलं तर महिने जातात. दुखणं जांघेत असेल तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठा, तिथलं हाड पूर्ण मोडलं तर शस्त्रक्रियेवर जातं.

आता तिच्या बाबांच्या हिशेबाकडे. पाच-सहा वर्षांची कारकीर्द, हे गृहीत त्यांनी कुठून घेतलं माहीत नाही, पण लांब पल्ल्याच्या धावण्यात ते उलटं आहे. केनियाचा एल्युड किपचोगे अठराव्या वर्षी, २००३ मध्ये, ५००० मीटरचा जगज्जेता झाला. पहिली मॅरेथॉन धावला २०१३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. मधली दहा वर्षं ट्रॅक, क्रॉस कंट्री (माळरानावरची शर्यत) आणि अखेरीस हाफ मॅरेथॉन. २:०१:०९ चा विश्वविक्रम बर्लिनला २०२२ मध्ये, वय ३७. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ १९९२ मध्ये क्रॉस कंट्रीची ज्युनियर जगज्जेती. मॅरेथॉनला हात घातला २००२ मध्ये, आणि २००३ मधली तिची २:१५:२५ ही वेळ २०१९ पर्यंत कुणाला मोडता आली नाही. आपल्याकडे बघा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१२ ते २०१४ सलग तीनदा मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. त्यानंतर ती स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या ३००० मीटर शर्यतीकडे, वळली आणि २०१६ मध्ये रिओत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम करून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली, सत्ताविसाव्या वर्षी. बीडचा अविनाश साबळे तर लष्करात भरती झाल्यावर, २०१५ च्या सुमारास गंभीरपणे धावायला लागला, त्याचा स्टीपलचेसमधला ८:०९.९१ हा राष्ट्रीय विक्रम पॅरिसला २०२४ मध्ये, तिशीला टेकलेला असताना. तिच्या बाबांना एवढंच दाखवा: यातल्या कुणाचीही सर्वोत्तम वेळ विशीच्या आतली नाही.

किप्टमचं सरांनी सांगितलं ते मात्र खरं आहे. तो ट्रॅकवर घडला नाही, कारण ट्रॅकपर्यंत जाण्याचे पैसे नव्हते. लहानपणापासून रस्त्यावर हाफ मॅरेथॉन धावला, आणि तेविसाव्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा विश्वविक्रम केला. पण तो समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच पठारावर वाढलेला, आठवड्याला अडीचशे किलोमीटरच्या वर धावणारा पुरुष. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोटार अपघातात तो गेला, त्यामुळे त्या शरीराने हा भार किती वर्षं झेलला असता ते कधीच कळणार नाही. त्याच्याच वाटेने निघून विशीत पाय गमावलेल्यांची नावं आपल्यापर्यंत येत नाहीत. सरांना हे उदाहरण वापरायचंच असेल तर पूर्ण वापरावं.

रस्त्यावरच्या पैशाचंही बघू. १०:३८ वाली मुलगी नीट तयारीनिशी हाफ मॅरेथॉन साधारण १ तास २५ मिनिटांत धावेल. मुंबई-वसई पट्ट्यातल्या नावाजलेल्या शर्यतींत खुल्या गटातलं बक्षीस सव्वा तासाच्या आसपास धावणाऱ्या रेल्वेच्या, पोलिसांच्या, नाशिकच्या तयार मुली नेतात. म्हणजे ज्या पैशासाठी हा आटापिटा, तो यंदा तिच्या हाती लागण्याची शक्यता कमीच. पदरात पडेल ते डांबरी आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर एका सकाळी टाकलेली पंधरा हजारांच्या घरातली पावलं, प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार, आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे अंगातून न जाणारा थकवा. त्यात पुढच्या रविवारी दुसरी शर्यत. सप्टेंबर ते फेब्रुवारी मुंबईच्या आजूबाजूला दर रविवारी कुठे ना कुठे बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) मिळतंच, हीच खरी अडचण आहे. ज्या महिन्यांत वेग घडायचा ते महिने शर्यतीतून सावरण्यात जातात आणि दोन वर्षांनी ३००० मीटरची वेळ जिथल्या तिथे राहते.

अठरा वर्षांखालच्या मुलींच्या गटात ट्रॅकवर धावण्याची सर्वांत लांब शर्यत ३००० मीटरचीच असते, त्यालाही कारण आहे. या वयात कमवायचा तो वेग. हाफ मॅरेथॉनची ताकद पुढे चढवता येते; विशीत न कमावलेला वेग तिशीत मिळवणं फार अवघड.

डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि नडगी शांत झाली की सुरुवात आठवड्याला चार दिवस, पाच-पाच किलोमीटर, गप्पा मारता येतील अशा संथ लयीत. तीन आठवडे घड्याळ बघायचं नाही. मग दर आठवड्याला तीन-चार किलोमीटर वाढवत, चौथा आठवडा हलका ठेवत, ५० ते ५५ वर थांबा. ८५ ची या वर्षी गरज नाही. त्यात एक दिवस ट्रॅकवर १००० मीटरचे पाच तुकडे, प्रत्येकी ३:४० ते ३:४५, मध्ये अडीच मिनिटं हळू जॉग. एक दिवस वीस मिनिटं सलग, किलोमीटरला चार मिनिटांच्या आसपास. ऑक्टोबरच्या उकाड्यात दहा-पंधरा सेकंद सोडून द्यायचे, दमट हवेत घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त धावतं. रविवारी १२-१४ किलोमीटर सावकाश. बाकी सगळं हळू, आणि इथेच सगळ्या बॅचेस चुकतात: हळूच्या दिवशी पोरं एकमेकांना ओढतात आणि आठवड्याचे सहाही दिवस अर्धवट वेगाचे होतात. आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं उठाबशा, एका पायावर टाच उचलून पिंडरीचा व्यायाम, पोटाचे व्यायाम. एक दिवस पूर्ण सुट्टी, खरं तर सुरुवातीला दोन.

ती आठवड्यात चार वेळा मरीन लाइन्सच्या ट्रॅकवर येते, त्यासाठी पावणेचारला उठते आणि साडेदहाला झोपते, असं तुम्ही लिहिलंय. ही पाच-सव्वापाच तासांची झोप आहे. तिच्या वयाला किमान आठ लागतात. ट्रॅक आठवड्यातून एकदा पुरे. बाकीचे दिवस घराजवळचं मातीचं मैदान, कधी बोरिवलीचं नॅशनल पार्क. कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या घट्ट वाळूत धावलं तरी चालेल, मात्र उताराने एकाच कमरेवर ताण येतो, तेव्हा जितकं जाल तितकंच उलट परत या. बुटांबद्दल थोडं: कार्बन प्लेटच्या महागड्या जोडीच्या नादी आत्ता लागू नका. साधी ट्रेनिंगची जोडी ६०० ते ८०० किलोमीटर चालते, म्हणजे या हिशेबाने तीन महिने. तळ दिसायला चांगला असला तरी आतला फोम बसलेला असतो.

बारावी सोडायची नाही. यावर फार लिहायला नको. फेब्रुवारी-मार्चची परीक्षा आणि हाड-पाळी सावरण्याचा काळ नेमका एकत्र येतोय, इतकी सोय पुन्हा मिळणार नाही. शिवाय राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, रेल्वेची क्रीडा कोट्यातली भरती अठरा पूर्ण झाल्यावर खुली होते. या सगळ्यांना प्रमाणपत्र लागतं ते शालेय, विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या जिल्हा-राज्य-राष्ट्रीय स्पर्धेचं. शहरातल्या खासगी हाफ मॅरेथॉनचं मेडल तिथे टेबलावरही ठेवून घेत नाहीत. तिचं ३००० मीटरचं प्रमाणपत्र आणि स्पर्धेचं निकालपत्रक आजच मिळवून फाइलला लावा, आणि सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव कधी जातो ते कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना आत्ताच विचारा. जानेवारीत विचारणाऱ्यांची धावपळ होते. बाबांना स्थैर्य हवंय ना, त्याची वाट या फाइलमधून जाते.

सरांशी भांडायला जाऊ नका. तेही पहाटे चारलाच उठतात, आणि बहुतेक ठिकाणी बॅचच्या फीमध्ये त्यांचा रिक्षाखर्चही जेमतेम निघतो. रिपोर्ट हातात घेऊन, शक्यतो बाबांनाही बरोबर घेऊन जा आणि सरळ विचारा: पुढच्या बारा महिन्यांत तिच्या किती शर्यती, कुठल्या, आणि वजनाचा आकडा कुणी ठरवला, कशावरून? बक्षिसाची रक्कम आली तर ती कुणाच्या खात्यात जाणार? सर्वांसमोर वजन करणं बंद होईल का? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. त्याला निदान कळतं की घर जागं आहे. 'मग दुसरीकडे न्या' असं उत्तर आलं, तर न्या.

तिथेच एक आणखी विचारा, तिला कुठली गोळी, पावडर, इंजेक्शन दिलं जातं का. 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घे' हे मुंबईत इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही वावगं वाटत नाही. स्पर्धा खेळणाऱ्याला मात्र बारा तासांत १०० मिलिलीटरहून जास्त सलाईन, रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराशिवाय, उत्तेजकविरोधी नियमांत चालत नाही. बाटलीत नुसतं मीठ-पाणी असलं तरी. लोहाची ड्रिपही याच नियमात येते. अंगात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, देणाऱ्याची नव्हे. मॅरेथॉनमध्ये २:०९:५६ धावलेल्या केनियाच्या रूथ चेपंगेटिचवर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी आली ती हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवीच्या औषधामुळे; घरकाम करणाऱ्या बाईचं औषध घेतलं होतं, असा तिचा खुलासा होता. लेकीच्या फोनवर 'नाडा'चं (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं) 'नो युवर मेडिसिन' हे ॲप घाला आणि सर्दीच्या गोळीपासून सगळं त्यात बघण्याची सवय लावा.

शेवटी तो फॉर्म. सगळेच टाकतात असं म्हणून तुम्ही तो विषय संपवलात, पण मला तो पत्रातला सर्वांत महाग मजकूर वाटला. शालेय स्पर्धेच्या नोंदीत एक जन्मसाल आणि शर्यतीच्या निकालात दुसरं, अशी दोन सालं आज इंटरनेटवर कायमची राहतात. उद्या नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते, ज्युनियर स्पर्धांत वयाचे कागद आणि गरज पडल्यास हाडाची चाचणी होते. तेव्हा सर उत्तर द्यायला नसतील, आणि ज्या विक्रमाने हे सगळं सुरू झालं त्यावरच बोट ठेवलं जाईल. आयोजकांना तुमच्या नावाने ईमेल करा: जन्मतारीख चुकीची भरली गेली आहे, खरी तारीख ही, आधार कार्डाची प्रत सोबत, प्रवेश रद्द करावा. फी परत मागू नका, बहुतेक शर्यतींत ती मिळत नाही. बिब बॅचमधल्या दुसऱ्या मुलीला देऊ नका, मग तुमच्या लेकीच्या नावाने तिची वेळ नोंदली जाते. उत्तर आलं तर त्याची प्रिंट त्याच फाइलमध्ये ठेवा. नाही आलं तर पाठवलेल्या ईमेलची.